नाझिया ते नेझी



अर्धापूर, नांदेड, मुदखेड, भोकर या भागातल्या घरांतून सध्या एक तक्रार वारंवार ऐकू येते. तक्रार करणाऱ्या बहुतेक वेळा अम्मीच असतात. मुलगा दहावी-बारावीला असतो, नाहीतर शिक्षण सोडून केळीच्या गाड्या भरायला जात असतो. रात्रीचं जेवण झालं की कानात इअरफोन घालून गच्चीवर जातो आणि मोबाइलसमोर भराभर काहीतरी बोलत राहतो. विचारलं तर म्हणतो, "अम्मी, गाना बना रहा हूं." अब्बू म्हणतात, हे गाणं नाही, ही बडबड आहे. मुलगा म्हणतो, याला रॅप म्हणतात. मग दोन दिवस घरात अबोला.

काही घरांत मुलगीही लिहिते. ती गच्चीवर जात नाही, वहीत लिहिते आणि वही गादीखाली ठेवते. तिची तक्रार कोणी करत नाही, कारण ती कोणाला माहीतच नसते.

गाणं-बजावणं जायज की नाजायज, यावर उलमांमध्ये जुना मतभेद आहे. त्यावर निर्णय देणं हे या सदराचं काम नाही. ज्या घरात ते चालत नाही, त्या घराचा तो हक्क आहे. पण मुलाच्या हातात मोबाइल आला आहे आणि त्या मोबाइलमध्ये अख्खा रेकॉर्डिंग स्टुडिओ आला आहे, ही गोष्ट आता बदलणार नाही. पूर्वी गायक व्हायचं तर मुंबई गाठावी लागायची. कोणाच्या तरी ओळखीने स्टुडिओचं दार उघडायचं. बहुतेकांसाठी ते उघडायचंच नाही आणि घरचा प्रश्न परस्पर मिटायचा. आता ते दार घरातच आहे. म्हणून निर्णयही घरालाच घ्यावा लागतो. तो घेण्याआधी दोन कारकिर्दी पाहू. दोघंही मुस्लिम घरांतली, दोघांचंही संगीत यंत्रांवर उभं राहिलेलं. एक लंडनची मुलगी, एक मुंबईच्या कुर्ल्याचा मुलगा.

लंडनची नाझिया

आज पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना १९८० साल आठवत असेल. त्या वर्षी फिरोज खान यांचा 'कुर्बानी' आला. चित्रपटाचं बाकी संगीत कल्याणजी-आनंदजींचं होतं. मात्र झीनत अमानवर चित्रित झालेलं 'आप जैसा कोई' हे एक गाणं वेगळंच वाजत होतं. त्यात ढोलक-तबल्याचा ओळखीचा ठेका नव्हता. घड्याळासारखा न चुकणारा ठोका होता आणि त्यावर एका कोवळ्या मुलीचा आवाज. ती नाझिया हसन. वय १५ वर्षं.

नाझियाचा जन्म ३ एप्रिल १९६५ चा, कराचीचा. बालपण कराचीत आणि लंडनमध्ये गेलं. लंडनमध्येच फिरोज खान यांची आणि तिची भेट झाली. त्यांनी तिला बिद्दू या संगीतकाराकडे पाठवलं. बिद्दू मूळचे बंगळुरूचे. तरुणपणी इंग्लंडला गेले आणि तिथल्या डिस्को संगीतात त्यांनी नाव कमावलं. १९७४ साली त्यांनी तयार केलेलं 'कुंग फू फायटिंग' हे गाणं ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. म्हणजे आपल्याकडे लग्नमंडपात वाजलेलं हे गाणं खरं तर लंडनच्या स्टुडिओतून आलेलं होतं. शब्द इंदिवर यांचे, चित्रपट मुंबईचा, आवाज लंडनमध्ये राहणाऱ्या कराचीच्या मुलीचा.

त्या काळात ब्रिटनमध्ये संगीताची पद्धतच बदलत होती. सिंथेसायझर नावाचं वाद्य स्वस्त आणि लहान होत चाललं होतं. दिसायला पेटीसारखं, पण आवाज विजेवर तयार करणारं. त्यातून व्हायोलिनसारखा सूर काढता येतो आणि या जगात कुठल्याच वाद्याचा नाही असा सूरही काढता येतो. जोडीला ड्रम मशीन आलं. एकदा ठेका ठरवून दिला की ते न थकता वाजवत राहतं. वीस-पंचवीस वादकांचं काम दोन-तीन माणसं करू लागली. ब्रिटनमध्ये कितीतरी तरुण मुलं-मुली अशा यंत्रांवर स्वतःची गाणी स्वतः लिहून गाऊ लागली. इलेक्ट्रॉनिक पॉप म्हणतात ते हेच.

नाझियाला 'आप जैसा कोई'साठी १९८१ साली सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. इतक्या कमी वयात हा पुरस्कार तोवर कोणाला मिळाला नव्हता. त्याच वर्षी भाऊ झोहेब आणि बिद्दू यांच्यासोबत तिचा 'डिस्को दीवाने' हा अल्बम आला. त्यात नट नव्हता, नटी नव्हती, कथा नव्हती. तरी भारत-पाकिस्तान दोन्हीकडे तो घराघरांत पोचला. चित्रपटाच्या आधाराशिवाय गाणं विकलं जाऊ शकतं, हे आपल्या उपखंडाला या बहीण-भावाने दाखवून दिलं. पुढे 'यंग तरंग' (१९८४), 'हॉटलाइन' (१९८७) आणि 'कॅमेरा कॅमेरा' (१९९२) हे अल्बम आले. शेवटच्या अल्बमचा संबंध अंमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेशी होता.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. यापुढची कमी सांगितली जाते, आणि घरांच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. एवढं नाव झाल्यावरही नाझियाने शिक्षण सोडलं नाही. लंडनमध्ये तिने व्यवस्थापन आणि अर्थशास्त्राची पदवी घेतली, नंतर कायद्याची पदवी घेतली. संयुक्त राष्ट्रसंघात काही काळ नोकरी केली. पंचविशीत असतानाच गाणं हे तिच्या आयुष्यातल्या अनेक कामांपैकी एक झालं होतं. 'कॅमेरा कॅमेरा'नंतर ती गाण्यापासून दूर झाली, तेव्हा तिच्याजवळ उभं राहायला दुसरी जमीन होती.

१३ ऑगस्ट २००० रोजी लंडनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने नाझियाचं निधन झालं. वय अवघं ३५. मरणोत्तर पाकिस्तान सरकारने तिचा सन्मान केला. २०१२ साली 'स्टुडंट ऑफ द इयर' या हिंदी चित्रपटात 'डिस्को दीवाने' पुन्हा वाजलं, तेव्हा त्यावर नाचणाऱ्या कित्येक मुलांना मूळ गायिकेचं नावही ठाऊक नव्हतं.

या कारकिर्दीत तिच्या घराचा वाटा मोठा होता. वडील बसीर हसन व्यापारी, आई मुनीझा बसीर समाजकार्यात. १५ वर्षांच्या मुलीला आई-वडिलांनी स्टुडिओत जाऊ दिलं, सोबत भाऊ राहिला, आणि शाळा-कॉलेज सुटणार नाही याची काळजी घेतली गेली. मुलीला मोकळीक दिली, पण एकटं सोडलं नाही.

मुंबईत यंत्र होतं, पण कोणाकडे?

ही यंत्रं तेव्हा आपल्या महाराष्ट्रात नव्हती असं नाही. मुंबईत चरणजित सिंग नावाचे वादक होते. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात ते वाजवत. १९८२ साली त्यांनी सिंथेसायझर आणि ड्रम मशीन घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली. ती फारशी कोणी विकत घेतली नाही. २०१० साली हॉलंडमधल्या एका कंपनीने ती पुन्हा बाजारात आणली, तेव्हा युरोपातले जाणकार थक्क झाले. पुढे पाश्चात्त्य देशांत गाजलेल्या एका प्रकारच्या नृत्यसंगीताशी या जुन्या रेकॉर्डचं विलक्षण साम्य होतं. सिंग साहेबांना म्हातारपणी परदेशात वाजवायची बोलावणी आली. २०१५ साली ते गेले.

चरणजित सिंग यांच्याकडे ही यंत्रं होती, कारण ते व्यावसायिक वादक होते. परदेशातून ती आणणं त्यांना परवडत होतं. कुर्ल्याच्या, भिवंडीच्या किंवा अर्धापूरच्या मुलाला ते स्वप्नातही शक्य नव्हतं. त्यासाठी आणखी तीस वर्षं जावी लागली. या तीस वर्षांत ती सगळी यंत्रं आक्रसत आक्रसत एका काचेच्या पाटीत येऊन बसली.

कुर्ल्याचा नावेद

नावेद शेख कुर्ला पश्चिमचा. तिथला पिनकोड ४०००७०. शाळकरी वयात त्याने जमैकाचा गायक शॉन पॉल याचं एक गाणं ऐकलं. इंग्रजी, तेही जमैकाच्या उच्चारातलं, आणि वेग असा की शब्द पकडता येऊ नयेत. नावेदने ते पाठ केलं आणि दोस्तांना म्हणून दाखवलं. लोक ऐकतात म्हटल्यावर स्वतःचं लिहू लागला. इंग्रजीत नव्हे, तर कुर्ल्याच्या गल्लीत जी हिंदी बोलली जाते तिच्यात. नाव घेतलं नेझी.

वडिलांनी त्याला एक आयपॅड दिला होता. अभ्यासाला, घरच्यांशी बोलायला, जशी आपणही मुलांना अशी वस्तू देतो तसाच. नेझीने त्यावर इंटरनेटवरून एक तयार ठेका उतरवून घेतला. एक स्वस्त माइक जोडला. घरातच आवाज रेकॉर्ड केला. मग तोच आयपॅड घेऊन दोस्तांसोबत गल्लीत चित्रीकरण केलं आणि त्यावरच ते जोडलं. गाण्याचं नाव 'आफत'. जानेवारी २०१४ मध्ये ते यूट्यूबवर आलं. ना कंपनी, ना स्टुडिओ, ना निर्माता. गाणं पसरलं. त्याच वर्षी त्याच्यावर एक लघुपट झाला. पिनकोडवरूनच त्याचं नाव ठेवलं, 'बॉम्बे ७०'. मुंबईच्या चित्रपट महोत्सवात त्याचं कौतुक झालं.

२०१५ साली नेझीने अंधेरीच्या डिव्हाइन या रॅपरसोबत 'मेरे गली में' हे गाणं केलं. डिव्हाइनचं खरं नाव विवियन फर्नांडिस. एक मुसलमान, एक ख्रिश्चन, दोघंही मुंबईच्या साध्या वस्त्यांतले. या गाण्यानंतर मुंबईतल्या किती गल्ल्यांत किती मुलांनी वह्या उघडल्या असतील, याची मोजदाद नाही. झोया अख्तर यांनी या दोघांच्या आयुष्यावरून सुचलेला 'गली बॉय' हा चित्रपट केला. १४ फेब्रुवारी २०१९ ला तो प्रदर्शित झाला. धारावीत राहणाऱ्या मुराद नावाच्या मुस्लिम मुलाची ती कथा. भारताने तो चित्रपट ऑस्करसाठी पाठवला आणि फिल्मफेअरचे तब्बल १३ पुरस्कार त्याला मिळाले. चित्रपटातला मुराद म्हणजे नेझी नव्हे. पण रस्ता त्याने आणि डिव्हाइनने आखलेला होता.

यातली एक गोष्ट आपल्या घरांना जवळची वाटेल. चित्रपट गाजत होता त्याच्या आधीच नेझी काही काळ संगीतापासून लांब राहिला होता. घरच्या धार्मिक वातावरणात संगीत बसत नाही, ही ओढाताण त्याने स्वतः मुलाखतींत बोलून दाखवली आहे. म्हणजे ज्या मुलाच्या गाण्यांवर अख्खी मुंबई डोलत होती, तो घरी तोच प्रश्न घेऊन बसला होता, जो आज अर्धापूरच्या एखाद्या गच्चीवर आहे. नंतर तो परतला. 'मग़रिब' नावाचा अल्बम त्याने काढला. मग़रिब म्हणजे पश्चिम, कुर्ला पश्चिमची खूण त्या नावात आली. २०२४ साली 'बिग बॉस ओटीटी'च्या तिसऱ्या पर्वात तो दुसऱ्या क्रमांकावर राहिला. टीव्हीवरचं ते घर आम्हाला काही फारसं आवडणारं नाही, पण त्याने निवडलं ते त्याचं.

नाझिया आणि नेझी या दोघांमध्ये चौतीस वर्षांचं अंतर आहे. नाझियासाठी लंडनचा स्टुडिओ लागला, बिद्दूंसारखा अनुभवी संगीतकार लागला, एचएमव्ही लागली. नेझीसाठी आयपॅड पुरला. पण एका बाबतीत नाझियाचं पारडं जड होतं. तिच्यासोबत पहिल्या दिवसापासून घर होतं. नेझीला बराच रस्ता घराशी भांडत किंवा घरापासून लपवत चालावा लागला. यंत्र जितकं स्वस्त झालं, तितकं मूल एकटं पडत गेलं. आम्हाला काळजी आहे ती याची.

बोली कोणती?

'आफत' चाललं याचं एक कारण भाषा. शॉन पॉलची नक्कल करत राहिला असता तर नावेद शेखला कोणी विचारलं नसतं. त्याने कुर्ल्याचे शब्द घेतले, कुर्ल्याचा राग घेतला.

आपल्याकडची मुलं मात्र काय करतात? नांदेडच्या मुलाचं रॅप ऐकावं तर त्यात मुंबईची हिंदी असते, नाहीतर पंजाबी. 'मेरे भाई', 'गली', 'सीन' सगळं उसनं. अर्धापूरच्या मुलाने कुर्ल्याचा नावेद होण्यात काय हशील? आपल्या घरात दख्खनी आहे. 'कायकू', 'नक्को', 'हौ' हे शब्द आहेत, दादीच्या म्हणी आहेत. बाजारात, शाळेत, तहसीलमध्ये आपली मराठी आहे. केळीचा भाव पडल्यावर बापाच्या चेहऱ्यावर काय दिसतं, हे अर्धापूरच्या मुलाइतकं कोणाला माहीत आहे? यमक जुळवण्याची रीतही आपल्याला नवी नाही. कंधारच्या उरुसात कव्वाली ऐकलेली पिढी घरात आहे. मुशायऱ्यात शेर उचलून धरणारे चाचा आहेत. रॅप म्हणजे ठेक्यावर म्हटलेली तुकबंदीच.

मराठीत लिहून गाणं हेही मुसलमान घराला परकं नाही. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल म्हणजे शाहीर अमर शेख. १९१६ साली जन्म. आई मुनेरबी यांच्या तोंडची गाणी ऐकत ते वाढले. गरिबीत पडेल ते काम केलं, चळवळीत तुरुंग भोगला. अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजाने मैदानं भरली. १९६९ साली अपघातात गेले. त्यांनी स्वतः लिहिलं, स्वतः गायलं आणि मराठीत गायलं. त्यांच्याजवळ आयपॅड नव्हता. एक डफ आणि सांगण्यासारखं काहीतरी होतं. गच्चीवरच्या मुलाला आम्ही एवढंच विचारू, तुझ्याजवळ सांगण्यासारखं काय आहे?

सही करण्याआधी

आता थोडं कोरडं, पण कामाचं. मुलाचं गाणं चारशे लोकांनी पाहिलं की एखादा फोन येतो. "भाई, हमारे चैनल पे डालते, एग्रीमेंट पे साइन कर." मुलगा खुशीत सही करून मोकळा होतो. अशा वेळी घराला काही गोष्टी माहीत असाव्यात.

पहिली गोष्ट वयाची. १८ वर्षांखालच्या मुलाने केलेला करार आपल्या कायद्याने करारच ठरत नाही. म्हणून समोरचा शहाणा असेल तर तो पालकांची सही मागतो. म्हणजे कागद घरात येणारच. तो न वाचता सही करू नका. इंग्रजीत असेल तर वकिलाकडून किंवा शाळेतल्या शिक्षकांकडून समजून घ्या.

दुसरी गोष्ट हक्काची. गाण्याचे शब्द मुलाने लिहिले असतील तर त्या शब्दांचा कॉपीराइट लिहिल्या क्षणापासून त्याचा असतो. त्यासाठी नोंदणी बंधनकारक नाही. तो हक्क लिहिणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्यानंतर ६० वर्षं टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सही करूनच देता येतो. तोंडी बोलण्याने जात नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारतापुरता धरतो. म्हणूनच 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगासाठी' असे शब्द करारात दिसले की थांबा. ते उगाच लिहिलेले नसतात.

तिसरी गोष्ट रॉयल्टीची. पूर्वी गीतकार एकदा पैसे घेऊन मोकळा व्हायचा, आणि गाणं पुढे पन्नास वर्षं वाजलं तरी त्याला काही मिळायचं नाही. कित्येक मोठ्या गीतकारांच्या म्हातारपणाची परवड यातूनच झाली. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. आता गीतकार-संगीतकाराने हक्क विकले तरी रॉयल्टीतला त्याचा वाटा त्याच्याकडून काढून घेता येत नाही. तो फक्त त्याच्या वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. 'मी रॉयल्टी सोडतो' असं कागदावर लिहून घेतलं तरी कायद्यात ते टिकत नाही. गीतकार-संगीतकारांसाठी १९६९ पासून मुंबईत इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी आहे. तिचं सभासद होता येतं.

चौथी गोष्ट ठेक्याची. नेझीसारखाच आपला मुलगाही इंटरनेटवरून तयार ठेका उतरवतो. त्यावर 'फ्री' असं लिहिलेलं असतं. पुष्कळदा ते फक्त हौसेपुरतं फुकट असतं. त्या गाण्यातून पैसे मिळवायचे तर ठेका बनवणाऱ्याची परवानगी घ्यावी लागते, नाहीतर गाणं काढून टाकलं जातं. आपल्या शब्दांवरचा हक्क आपल्याला हवा, तर दुसऱ्याच्या ठेक्यावरचा त्याचा हक्कही मानायला हवा. पराया माल बिनपरवाना वापरू नये, हे मुलाला वेगळ्या भाषेत सांगायची गरज पडू नये.

आणि कमाईबद्दल स्पष्ट बोलावं. जाहिरातींतून पैसे मिळायला यूट्यूबवर सध्या किमान एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहणं, अशी अट आहे. छोट्या व्हिडिओंसाठी वेगळी अट आहे, तीही अवघड. अट पूर्ण झाली तरी सुरुवातीला हाती येते ती फार थोडी रक्कम. नेझी एक झाला. त्याच्याबरोबर लिहायला बसलेली शेकडो मुलं आज दुसरंच काही करत आहेत. हे मुलाला चिडून नको, हिशेब मांडून सांगावं.

घराने काय करावं

आमचं म्हणणं थोडक्यात असं. मुलाला आधी शब्द वाचून दाखवायला सांगा. ठेका बंद, मोबाइल बाजूला, फक्त वही. त्यात शिव्या असतील, बायकांची हेटाळणी असेल, नशेची फुशारकी असेल, तर तिथे बोट ठेवा आणि हे आपल्या घरातून जाणार नाही असं सांगा. पण त्यात गल्लीतल्या तुंबलेल्या नालीबद्दल असेल, बेकार भाईजानबद्दल असेल, अब्बूंच्या कष्टाबद्दल असेल, तर ऐकून घ्या. बाप कधी ऐकत नाही म्हणून पुष्कळ मुलं बापाबद्दल यमकात लिहितात. सगळी वही ऐकल्यावर नाही म्हणायचं असेल तर म्हणा. न ऐकता म्हटलेलं नाही मुलगा मानत नाही, तो फक्त गच्ची बदलतो.

शिक्षणाची अट सोडू नका. नाझियाच्या आई-वडिलांनी ती सोडली नाही. दहावी-बारावी, आयटीआय, पदवी, जे चालू असेल ते पूर्ण होईल, गाणं त्याच्यानंतरच्या वेळात. मुलगा खरोखर गाणारा असेल तर त्याचं काही बिघडणार नाही, आणि नसेल तर हातात काहीतरी राहील.

मुलीच्या वहीबद्दलही बोलावं लागेल. मुलाला गच्ची आणि मुलीला गादीखालची जागा, हा न्याय कुठला? तिने मंचावर जावं की नाही हा प्रत्येक घराचा विचार. पण लिहिण्याला मंच लागत नाही. मुलीचे शब्द मासिकात छापून येऊ शकतात, शाळेच्या कार्यक्रमात वाचले जाऊ शकतात, चेहरा न दाखवताही आवाज देता येतो. तिने कुठे काही टाकलं तर खाली येणाऱ्या घाणेरड्या शेऱ्यांना ती एकटी सामोरी जाऊ नये, एवढी जबाबदारी भावाने आणि बापाने घ्यावी. झोहेब नाझियाच्या शेजारी उभा होता, हे त्या भावाला जरूर सांगा.

एक शेवटची सूचना. या महिन्यात एखाद्या रात्री, इशा झाल्यावर, जेवणं आटोपल्यावर मुलाला आणि मुलीला दोघांनाही म्हणा, "ला बेटा, काय लिहिलंस ते वाच." मधे बोलू नका. वाचून झाल्यावर दोन प्रश्न विचारा. हे शब्द तुझेच आहेत ना? आणि हे तू तुझ्या अम्मीसमोर पुन्हा म्हणू शकशील? काय उत्तर मिळालं ते आम्हाला पत्राने कळवा. त्यातली चांगली पत्रं, आणि मुलांच्या वहीतल्या चांगल्या ओळीही, नावानिशी किंवा नावाशिवाय, आम्ही या पानावर आनंदाने छापू. दख्खनीत असल्या तरी चालतील.